वाकड्या घरातली तीन दिवसांची चूल

नक्की कधीचं ते विचारू नका. त्या वेळच्या राजाचं नावही मला आठवत नाही. पण फार पूर्वी नदीकाठच्या एका नगरात दर आठ दिवसांनी मोठा बाजार भरायचा आणि त्या बाजारात हौसाक्का नावाची एक कासारीण बांगड्या विकायला यायची, एवढं मात्र पक्कं.

हौसाक्काच्या मागेपुढे जवळचं कोणी नव्हतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बांगड्यांची पेटी, अशी ती पंचवीस वर्षं गावोगाव हिंडली होती. तिची एक सवय होती. गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवण्याआधी ती दुसऱ्या बांगडीवर हलकेच वाजवून बघायची. किणकिण ऐकू आली, तर बांगडी निकोप. नुसतं खट् झालं, तर आत बारीक चीर आहे, डोळ्यांना न दिसणारी. असली बांगडी ती बाजूला टाकायची, मग समोरची बाई कितीही घाई करो.

आता तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. दोन कोस चाललं की बसावं लागे. पंचवीस वर्षांत पै पै करून तिनं शंभर मोहरा जमवल्या होत्या आणि त्यातून एक घर घेऊन भाड्यानं द्यायचं असं तिच्या मनानं घेतलं होतं.

भाडेकरू कोण, हेही तिला ठाऊक होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी माळणी, बुरडणी, कुंभारणी लांबून चालत यायच्या आणि देवळाच्या ओसरीवर गाठोडं पोटाशी धरून पडायच्या. डोळा लागला की माल जायचा. हौसाक्काही त्यांच्यातच पडायची. "एक वेळ जेवण नको, पण आतून कडी लावता येईल असं दार मिळू दे," हे वाक्य तिनं किती जणींच्या तोंडून ऐकलं होतं! स्वतःही म्हटलं होतं.

पण मित्रहो, शंभर मोहरा एकदाच जमतात. त्या बुडाल्या असत्या, तर पुन्हा जमवायला तिच्याकडे ना वर्षं होती ना पाय. म्हातारपणी तिला कोणाच्या तरी दारात बसावं लागलं असतं, आणि हौसाक्काला त्याचीच भीती वाटे. मरणाची तितकी वाटत नसे.

बाजाराच्या वेशीजवळ एक घर रिकामं पडलं होतं. दोन खोल्या, पुढे लांबलचक पडवी, मागे परसू. तसल्या घराला त्या नगरात दोनशे मोहरा सहज पडत. याचे मालक ऐंशीच मागत होते. कारण उघड होतं. घराच्या एका अंगाला अरुंद बोळ होता, बोळापलीकडे रंगाऱ्याचं अंगण, आणि बोळाकडची भिंत अशी झुकली होती की लोक तिथून जाताना पावलं उचलून पळत. सगळं नगर त्याला वाकडं घर म्हणे. तीन गिऱ्हाइकं आली, भिंत बघितली आणि आल्या पावली परत गेली.

हौसाक्कानं मात्र आधी भिंत बघितलीच नाही. तिनं बघितलं दार. काय दार होतं ते! शिसवी लाकूड, त्यावर द्राक्षांचे घोस, घोसांवर पोपट आणि सगळीकडे पितळी फुल्या. ती त्यावरून हात फिरवत राहिली. जन्मभर दुसऱ्यांच्या हातात नक्षी चढवणाऱ्या बाईला आपल्या दाराला नक्षी असावीशी वाटली, तर तिला हसू नका. कमरेची पिशवी सोडायला तिचा हात गेलासुद्धा.

घराचे मालक, शेटजी, शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "कासारीणबाई, घाई करा. परगावचा एक व्यापारी येतोच आहे बघायला."

घाई हा शब्द कानावर पडला आणि हौसाक्काचा हात थांबला. घाई करणारं गिऱ्हाईक तिनं पंचवीस वर्षं बघितलं होतं. आज ती स्वतः तशी वागत होती.

"शेटजी," ती म्हणाली, "मी आधी चूल पेटवीन."

त्या नगरात एक जुनी रीत होती. घर घेणाऱ्यानं पैसे मोजण्याआधी त्या घरात तीन दिवस चूल पेटवायची. ज्यांनी ही रीत घातली ते शहाणे असणार. पुढे मात्र तिचा नुसता उपचार उरला. लोक तीन विटा मांडत, वाटीभर दूध उतू घालवत, मालकाच्या हातावर पेढा ठेवत आणि अर्ध्या घटकेत तीन दिवस उरकत. शेटजींनाही तसंच वाटलं. त्यांनी पेढ्यासाठी हात पुढे केला.

हौसाक्का म्हणाली, "पेढा तिसऱ्या दिवशी."

आणि ती खरोखर बोचकं घेऊन राहायला आली. सगळं नगर हसलं. तिची चुलत जाऊ तर तरातरा चालत आली आणि अंगणातूनच ओरडली, "अगं, दोनशेचं घर ऐंशीला मिळतंय आणि तू भाकऱ्या कसल्या थापत बसलीस? घेऊन टाक!" तिच्या मागोमाग देवळाचे गुरव आले. ते म्हणाले, "फुकट दिलं तरी घेऊ नकोस. भिंत अंगावर येईल." दोघंही तिच्या हिताचंच बोलत होते. घराच्या आत मात्र दोघांनीही पाऊल टाकलं नव्हतं.

पहिल्या दिवशी हौसाक्कानं भाकरी खाल्ली आणि मग चुलीत ओला पाला आणि ओल्या गोवऱ्या घातल्या. दारं-खिडक्या लावून ती बाहेर येऊन बसली. घरात धूर कोंडला आणि छपरातून जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडू लागला. लोक घागरी घेऊन धावले. "आग लागली, आग लागली!"

"आग नाही," हौसाक्का बोटांची पेरं धरत म्हणाली, "कौलं मोजतेय. बोलू नका, आकडा चुकेल."

जिथून धूर निघतो तिथूनच पाऊस आत येणार, हे तिनं ओळखलं होतं. एकशे चौदा कौलं फुटलेली निघाली. कौलांचं काय, ती मिळतात.

दुसऱ्या दिवशी तिनं लाटणं उचललं आणि घरातलं प्रत्येक लाकूड वाजवून बघितलं. खांब वाजवला, ठण्ण. वासा वाजवला, ठण्ण. शिडीवर चढताना गुडघे बोंबलत होते, तरी ती वर चढली आणि छपराचा सगळा भार जे घेतं त्या आढ्यावर तिनं लाटणं मारलं.

खट्.

पुन्हा मारलं. पुन्हा खट्. दिसायला आढं धडधाकट होतं. तेलपाणी केलेलं, काळंभोर. पण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. चिरेच्या बांगडीचा आवाज. सगळं नगर भिंतीला घाबरत होतं आणि डोक्यावरच्या या लाकडाचं कोणालाच माहीत नव्हतं.

मग ती नगराच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याकडे गेली. त्याची नजर अधू झाली होती, म्हणून त्याला कोणी कामाला बोलवत नसे. तो दिवसभर ओट्यावर बसून तोंडानं जगाच्या भिंती बांधायचा आणि पाडायचा.

"मामा, चला जरा. एक घर बघायचंय."

"पोरी, मला माझी काठी दिसत नाही, घर काय दिसणार?"

"दिसणारं सगळ्यांनी बघितलंय. तुम्ही हात लावून सांगा."

म्हातारा खूश झाला. काठी टेकत आला. आढ्याखाली उभा राहून त्यानं हौसाक्काला लाटणं मारायला लावलं आणि मान हलवली. "वाळवी. बाहेरून साल ठेवलंय, आतून भुसा केलाय. हा पावसाळा काढेल, पुढचा नाही." मग बोळाकडच्या भिंतीशी येऊन त्यानं दोरीला बांधलेला ओळंबा वरून सोडला आणि भिंत आणि दोरी यांच्यात बोटं घालून मोजली. "चार बोटं झुकलीय. पण दगड एकमेकांना धरून आहेत. भिंत चांगली आहे ग. हिचे पाय का सुटले, तेवढं कळलं पाहिजे. ते कळल्याशिवाय नवी बांधलीस, तर तीही झुकेल."

"पावसाचं पाणी असेल."

"असेल. नसेलही. इथं राहिलेल्यालाच ठाऊक."

आता ऐका. या गोष्टीत एक पाल बोलते. एकदाच बोलते, म्हणून नीट कान द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्का चुलीपुढे बसली होती. समोरच्या भिंतीवर एक म्हातारी पाल होती. या घरात तिच्या सात पिढ्या नांदलेल्या. हौसाक्काला एकदम वाटलं, घराबद्दल आपण सगळ्या नगराला विचारलं, घरात राहणाऱ्या हिला कुठे विचारलं? तिनं हात जोडले. "बाई, तू इथली जुनी. एवढी भिंत सोडून बोळाकडच्या भिंतीवर तू कधी बसत का नाहीस?"

पाल चुकचुकली आणि म्हणाली, "ती भिंत ओली असते. पावसाळ्यात सगळ्याच असतात, त्याचं काही नाही. ही भर वैशाखातही ओली असते. माझे पाय गारठतात." एवढं बोलून ती फटीत शिरली.

वैशाखात पाऊस नसतो. हौसाक्का चूल तशीच सोडून म्हाताऱ्याकडे गेली, त्याला घेऊन आली आणि दोघांनी भिंतीच्या पायाशी हातभर खणलं. माती चिखलासारखी ओली निघाली. आणि तिचा रंग होता निळा! गर्द, रंगाऱ्याच्या पातळांचा असतो तसा निळा.

म्हातारा हसायलाच लागला. "मला दिसला बघ! या वयात निळा रंग दिसला!"

रंगारी बिचारा भला माणूस. रंगाच्या पिंपांचं पाणी तो वर्षानुवर्षं अंगणाच्या कोपऱ्यात ओतायचा, आणि त्याच्या मोरीचे दगड कधीचे सरकले होते. पाणी बोळाखालून सरळ या भिंतीच्या पायात जायचं. हौसाक्कानं ओंजळीत ती माती नेऊन दाखवली, तसा त्याचा चेहरा पडला.

"अक्का, देवाशपथ, मला माहीत नव्हतं. पाणी अंगणाबाहेर गेलं की मी विसरलो."

"दादा, मी भांडायला आले नाही. घर घेतलं, तर मोरीचा उतार तुम्ही उलट्या अंगाला वळवाल का?"

"चार दिवसांत वळवतो. शब्द देतो. तेवढे दगड मला आणून द्या."

दुपारी शेटजी पेढा मागायला आले. हौसाक्कानं त्यांना पडवीत बसवलं आणि जमिनीवर बांगड्या मांडायला सुरुवात केली. एका मोहरेला एक बांगडी.

"मोरीच्या दगडांना दोन. कौलांना तीन. भिंत पायापासून सरळ करायला बारा. नवं आढं आणि मजुरी, पंधरा. झाल्या बत्तीस. तुमच्या ऐंशी. शेटजी, एकूण एकशे बारा. माझ्याकडे आहेत शंभर. हे घर मी ऐंशीला घेतलं, तर छप्पर उघडं टाकून मला भीक मागावी लागेल."

"आढ्याला काय झालंय?" शेटजी चमकले.

तिनं त्यांच्या हातात लाटणं दिलं. त्यांनी शिडीवर चढून वाजवलं. खट्. हे घर त्यांना काकांच्या वाटणीतून आलं होतं. ते आजवर दाराच्या आत आलेच नव्हते.

"मी पन्नास देईन," हौसाक्का म्हणाली.

"पन्नास? या दारालाच तेवढे मिळतील! आणि तो परगावचा व्यापारी..."

"त्यांना जरूर द्या. पण त्यांनाही आढं वाजवून दाखवा."

"साठ."

"पन्नास, शेटजी. घासाघीस नाही करत मी. पन्नास आणि बत्तीस, ब्याऐंशी. उरलेल्या अठरा मोहरा जे मला आणि मामांना दिसलं नाही त्याच्यासाठी. तेवढ्या हाताशी नसतील, तर मी घर घेणार नाही."

शेटजी उठून उभे राहिले. "मग राहू द्या."

"राहू द्या," हौसाक्काही म्हणाली, आणि तिनं चुलीवर पाणी ओतलं.

बोलायला सोपं होतं ते. बोचकं बांधताना तिला रडू कोसळलं. तीन दिवसांत त्या पडवीवर तिचा जीव जडला होता. कोणती बाई कुठे निजेल, पाण्याचा रांजण कुठे ठेवायचा, सगळं तिनं मनात मांडून झालं होतं. दारावरच्या पोपटांवरून शेवटचा हात फिरवून ती निघाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव फिरू लागली. वाटेत लोक विचारत, "चूल का विझवलीस ग?" ती म्हणे, "भाव जमला नाही." त्यापलीकडे अवाक्षर नाही. चुलत जावेनं तिला वेडी म्हटलं. हौसाक्कालाही मधूनच वाटे, असेन बाई वेडी.

पण तीन दिवस पेटलेली चूल घेणाऱ्यानं आपल्या हातानं विझवली, असं त्या नगरात कित्येक वर्षांत घडलं नव्हतं. परगावचा व्यापारी आला. पेढा देऊन मोकळं होण्याच्या तयारीनंच आला होता. पण वेशीवरच त्याला ही गोष्ट कळली आणि त्यानंही काठीनं एकेक लाकूड वाजवत घर पालथं घातलं. खट् ऐकलं आणि तो चाळीसवर आला. शेटजींना तोंडानं साठ म्हणता येईना.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी शेटजी हौसाक्काच्या पेटीपुढे येऊन उभे राहिले. घाम पुसत म्हणाले, "कासारीणबाई, पन्नास तर पन्नास. पण दार मी काढून नेणार. माझ्या आजोबांनी करून घेतलेलं आहे ते."

हौसाक्काच्या डोळ्यांपुढे द्राक्षं आणि पोपट येऊन गेले. मग तिला देवळाच्या ओसरीवरच्या बायका आठवल्या. त्यांना कडी हवी होती, पोपट नव्हे. ती म्हणाली, "खुशाल न्या. मला घर हवंय. मी बाभळीचं दार लावीन."

घर तिचं झालं. रंगाऱ्यानं शब्दाप्रमाणे मोरी वळवली. भिंतीचा पाया पंधरा दिवसांत खडखडीत वाळला आणि म्हाताऱ्या गवंड्यानं चार गडी हाताशी घेऊन, ओळंब्याला बोटं लावत, ती अशी सरळ उभी केली की नगरातले गवंडी बघायला आले. आढं उतरवायच्या दिवशी तर गर्दीच जमली. दोरांनी ते अर्ध्यावर आणलं असेल नसेल, आपल्याच भारानं मधोमध मोडलं, आणि आतून पीठच्या पीठ सांडलं. गुरवांनी हौसाक्काला हात जोडले. चुलत जाऊ म्हणाली, "मी आधीच म्हणत होते, ही कशी चुकेल!" हौसाक्का नुसती हसली.

मागच्या अंगाचे काही वासे मात्र म्हाताऱ्याच्या आणि तिच्या दोघांच्याही हातून सुटले होते. ते कुजके निघाले. चार मोहरा त्यांना गेल्या, एक बाभळीच्या दाराला. तरी तेरा मोहरा हातात राहिल्या आणि हौसाक्काला कोणाच्या पायरीवर जावं लागलं नाही. म्हाताऱ्यानं पैसे घेतले नाहीत. नातीच्या लग्नाला कोपरापर्यंत हिरवा चुडा मागितला. आता त्याच्या ओट्यावर कामाला बोलावणाऱ्यांची रीघ लागलेली असे आणि तो सगळ्यांवर मनसोक्त खेकसत असे.

पहिला भाडेकरू कोण आला असेल? रंगारी! त्याला कापडं वाळवायला जागा कमी पडत होती, म्हणून त्यानं परसू भाड्यानं घेतलं. आणि बाजाराच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, एकेक करत बायका आल्या. माळीण आली, बुरडीण आली, दोघी कुंभारणी आल्या. बघता बघता अकरा जणी झाल्या. गाठोडी भिंतीशी लावली, हात-पाय धुतले, एका चुलीवर पिठलं शिजलं. सगळ्यात म्हातारी बुरडीण उठली, बाभळीच्या दाराशी गेली आणि तिनं आतून कडी घातली. पुन्हा काढली. पुन्हा घातली.

"हौसाक्का," ती म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाय पसरून निजणार ग मी." आणि अकराच्या अकरा जणी एकदम बोलू लागल्या. हौसाक्का तोंड फिरवून चुलीत उगाच फुंकर मारत बसली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं, असं तिनं सांगितलं. धूर नव्हता.

दोन वर्षांत ते घर कोणालाच वाकडं आठवेना. एके दिवशी शेटजी आले. सरळ भिंत बघितली, नवं आढं बघितलं, पडवीतली वर्दळ बघितली आणि पिशवीचे बंद सोडत म्हणाले, "बाई, दोनशे देतो. नाही, अडीचशे! आत्ताच्या आत्ता मोजतो. द्या मला परत."

हौसाक्कानं त्यांना बसायला पाट दिला, गुळाचा खडा आणि पाणी पुढे केलं. मग कोपऱ्यातलं लाटणं उचलून त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाली,

"एवढी घाई कशाला, शेटजी? आधी तीन दिवस चूल पेटवा."

पडवीतल्या सगळ्या बायका खो खो हसल्या. शेटजीही हसले. त्यांनी हसत हसत आढं वाजवून बघितलं, आणि ते कसं वाजलं हे मी तुम्हाला सांगायला नकोच. घर मात्र हौसाक्कानं विकलं नाही. आणि त्या नगरात तेव्हापासून घर घेणारा प्रत्येक जण तीन दिवस खरोखर चूल पेटवू लागला.

तात्पर्य: दोष दिसला म्हणून पळू नये आणि भाव उतरला म्हणून धावू नये, आधी दोष मोजावा, मगच मोल ठरवावं.